उजवी पाकळी

कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राचा कोणता वर्ग घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या वडिलांनी गावच्या देवीला दिला होता. देवीचे उत्तर मी फिरवले. ही गोष्ट मी चाळीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती. जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहावे आणि स्वतःची बाजू शक्य तितकी कमी घ्यावी, एवढेच आज मनात आहे.

आमचे घर मार्गासनीला. डोंगराच्या पायथ्याला भाताची चार खाचरे होती. मॅट्रिकपर्यंत मी भोरला वसतिगृहात राहून शिकलो. माझ्या वर्गात शेजारच्या विंझरचा एक मुलगा होता. त्याच्या घराने दहाएक वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, आणि त्याचे वडील सडकेच्या कामावर होते. सुट्टीला घरी जाताना कापूरहोळच्या फाट्यावर आम्ही दोघे एसटीची वाट पाहत बसत असू, आणि तेवढ्या वेळात तो मला न सुटलेली गणिते सोडवून देत असे. त्याला गणित दिसत असे. मला ते पाठ करावे लागे.

मॅट्रिक झाल्यावर आम्ही दोघांनी पुण्यातल्या एकाच कॉलेजचा विज्ञान शाखेचा अर्ज आणला. त्या कॉलेजात रसायनशास्त्राचे दोन वर्ग होते. एक मुख्य आणि एक दुय्यम. मुख्य वर्गाला आठवड्यातून तीन प्रात्यक्षिके आणि पुष्कळ आकडेमोड. दुय्यम वर्गाला एकच प्रात्यक्षिक. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "मुख्य का दुय्यम? खूण करा." माझ्या मित्राने तिथेच मुख्यवर खूण केली. माझा हात चालेना. वडिलांची सही घ्यायची आहे, असे सांगून मी कोरा चौकोन घेऊन परतलो.

शाळेचा दाखला आणायला भोरला गेलो, तेव्हा विज्ञानाच्या सरांना विचारले. ते माझी गुणपत्रिका बराच वेळ पाहत राहिले.

"तुझं पाठांतर चांगलं आहे. पण आकडा दिसला की तू दचकतोस," ते म्हणाले. "दुय्यम घे. पाया पक्का कर. पुढच्या वर्षी एक जादा पेपर देऊन मुख्यला जाता येतं. मुख्यमध्ये नापास झालास, तर मात्र वर्ष गेलं."

सल्ला स्वच्छ होता. तो माझ्या हिताचा आहे हे मला त्याच क्षणी कळले होते, आणि तरीही तो मला नको होता. कारण दुय्यम वर्गात माझा मित्र असणार नव्हता. पुण्यातली मुले, त्यांचे इंग्रजी, भरभर बोलणारे प्राध्यापक, आणि त्या बाकावर मी एकटा. मला मुख्य रसायनशास्त्राची ओढ नव्हती. मला सोबत हवी होती. पण ही भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून मी तिला महत्त्वाकांक्षेचे कपडे चढवले. आबांना सांगताना सरांचा सल्ला मी अर्धाच सांगितला.

"दोन वर्ग आहेत आबा. एक थोरला, एक धाकटा. सर म्हणतात धाकटा सोपा. पण थोरला केला तर पुढं नाव होतं."

आबा बांधावर बसले होते. हातातला विळा त्यांनी बाजूला ठेवला.

"मला त्यातलं काय कळतंय?" ते म्हणाले. "सर म्हनत्यात धाकला, तू म्हनतूस थोरला. देवीला इचारू."

आबा भाबडे नव्हते. बी कोणते पेरायचे, बैल कोणता घ्यायचा, हे ते देवीला विचारत नसत. जिथे आपली समज पुरत नाही आणि चुकले तर मुलाचे नुकसान होईल, तिथे त्यांना आपल्याहून मोठे कोणीतरी हवे असे.

दुसऱ्या दिवशी माझा मित्र विंझरहून चालत आमच्या गावच्या एसटी थांब्यापर्यंत आला.

"काय ठरलं लेका?"

"उद्या कौल लावणार आहेत."

तो हसायला लागला. "तुमच्या देवीला केमिस्ट्री कुठनं ठावं? ती कुठल्या शाळंत गेली हुती?"

"असं बोलू नये."

"बरं, न्हाई बोलत. आमच्यात आता देवीच न्हाई, तवा तिला तरास बी न्हाई. आमी आपलं सरांचं ऐकतो." मग त्याचा आवाज उतरला. "पन तू मुख्यच घे गड्या. न्हाई तर त्या पुन्याच्या पोरांत मी एकटाच बसू व्हय?"

त्यालाही भीती वाटत होती, हे मला त्या दिवशी कळले. त्याने ती एका वाक्यात सांगून टाकली. मला ते जमले नव्हते.

कौल कसा लावत, ते इथे सांगायला हवे. देवीच्या तांदळ्यापुढे, म्हणजे शेंदूर लावलेल्या बिनचेहऱ्याच्या दगडापुढे, एक काळी, उभी, गुळगुळीत शिळा होती. तिला शेंदूर किंवा तेल कधीच लावत नसत. गुरव रोज ती नुसत्या पाण्याने धूत असे. प्रश्न विचारायचा झाला, की तो तांबड्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून शिळेच्या दोन खांद्यांवर, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, चिकटवत असे. मोठी किंवा होकाराची बाजू नेहमी उजवीला धरत, आणि जी पाकळी आधी पडेल ते देवीचे उत्तर.

गुरव तेव्हा आज मी आहे तेवढ्या वयाचा असेल. अंगाने वाळका, पण केसांचा हौशी. तेल चोपडून मधोमध भांग पाडल्याशिवाय तो देवळाबाहेर पाऊल टाकत नसे. त्यावरून गावात त्याची थट्टा चाले.

"काय बाबा, आज कुनाच्या लग्नाला?" त्या सकाळीही आबांनी विचारले.

"लग्नाला कशाला? आईपुढं हुबं ऱ्हायचं तर नीटनेटकं नको व्हय?" असे म्हणत त्याने राखेने हात घासून धुतले, लुगड्याच्या धडप्याने कोरडे केले आणि पाकळ्या भिजत घातल्या. "पोराला आदी पाया पडू दे."

मी पाया पडलो. सगळे जण उंबऱ्याच्या पायरीवर डोके टेकतात. मी पुढे झालो आणि शिळेला मिठी मारल्यासारखे करून तिच्या उजव्या खांद्यावर कपाळ आणि केस टेकवले. तिथे जरा जास्त वेळ राहिलो.

तेलकट पृष्ठभागावर पाणी धरत नाही, हे मी शाळेच्या प्रयोगवहीत आकृतीसह लिहिले होते.

ते मला आयत्या वेळी सुचले, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. सकाळी निघताना फळीवरची खोबरेल तेलाची बाटली मीच काढून घेतली होती, आणि नेहमीपेक्षा एक ओंजळ जास्त डोक्यावर थापली होती. आई म्हणालीसुद्धा, "आरं, कानावरनं गळतंय की." देवळापर्यंतच्या वाटेवर मी टोपी घातली नाही.

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून, ओळखीच्या माणसाशी बोलावे तसे देवीशी बोलू लागला. "आई, लेकराला थोरल्या रसायनात घालायचं आसंल तर उजवी दे. धाकल्यात घालायचं आसंल तर डावी दे. चुकलंमाकलं पदरात घे."

माझे लक्ष पाकळीकडे असायला हवे होते, पण मी आबांच्या तोंडाकडे पाहत होतो. ओठांतल्या ओठांत ते काहीतरी म्हणत होते. शिळेकडे वळलो तेवढ्यात उजवी पाकळी किंचित तिरपी झाली, थोडी खाली सरकली आणि पडली.

"थोरलं," आबा हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

गुरव मात्र शिळेकडे पाहत राहिला. "लई बिगीनं दिली आईनं," तो म्हणाला. "येवढ्या बिगीनं कदी देत न्हाई ती."

कोऱ्या चौकोनात मी खूण केली. आबांनी खाली शाळकरी अक्षरात, दोन वेळा थांबून, सही केली.

मुख्य वर्गात मला सोबत मिळाली. बाकी काही मिळाले नाही. पहिल्याच महिन्यात फळ्यावर आकड्यांच्या रांगा सुरू झाल्या. कोणत्या द्रावणात किती आम्ल आहे हे थेंब मोजून काढायचे, मग त्या थेंबांवरून भागाकार, गुणाकार, पुन्हा भागाकार. माझ्या वहीत प्रत्येक उत्तराशेजारी मित्राच्या अक्षरातले दुसरे उत्तर असे. प्रयोगशाळेत काचेच्या लांब नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि चंबूतले पाणी जेमतेम गुलाबी झाले की तोटी बंद करायची. मला ती वेळेवर बंद करता येत नसे. चार थेंब जास्त पडत आणि चंबूतला रंग कण्हेरीसारखा गडद होई. शिकवणारे सर मागून जाताना थांबत, चंबूकडे पाहत आणि पुढे जात.

"आदी आकडा मांड, मग घाबर," मित्र म्हणायचा. "तू आदीच घाबरून घेतोस."

दिवाळीच्या आधी चाचणी झाली, आणि तीत मला शंभरात अठरा गुण पडले. प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावले. ते रागावले नाहीत, आणि म्हणूनच मला अधिक भीती वाटली.

"अजून वेळ आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वडिलांची सही आणा. मी तुम्हाला दुय्यम वर्गात घालतो. त्यानंतर मात्र काही करता येणार नाही."

एसटीच्या सबंध प्रवासात मी ते वाक्य उगाळत होतो. फक्त एक सही हवी होती. नसरापूर मागे पडले, आणि मार्गासनीला उतरलो तेव्हा भात कापणी चालू होती. आबा खळ्यावर पेंढ्या रचत होते. मी सगळे सांगितले आणि कागद पुढे केला.

आबांनी कागद हातात घेतला नाही.

"देवीनं दिल्यालं आपुन मोडायचं व्हय?"

"आबा, मला जमत नाही."

"न्हाई कसं जमत? तिनं काय उगाच दिलं? येवढ्या बिगीनं दिलं. गुरवानं सोता सांगितलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "जरा दम धर. ती बघून घील."

माझ्याच तेलाने पडलेली पाकळी आता माझ्या वाटेत उभी होती. सुटायचे तर एकच रस्ता होता. खरे सांगायचे.

संध्याकाळी आबा मला गुरवाकडे घेऊन गेले. गुरव ओसरीवर वाती वळत होता. आबांचे बोलणे त्याने पूर्ण ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळून पाहिले. ती नजर मी विसरलेलो नाही. तिच्यात संशय नव्हता, नुसती काळजी होती.

"एक डाव दिल्याला कौल पुन्हा इचारत न्हाईत," तो म्हणाला. "पन कौलात खोट आसंल, कायबाय शिवल्यालं आसंल, तर त्यो कौलच न्हवं. मग पुन्हा लावता येतो. माज्याकडनं काय चुकलं आसंल, न्हाईतर तुज्या ध्यानात काय आलं आसंल, तर सांग लेकरा. हितं आपुन तिगंच हाय."

याहून सोपी वाट कोणी कोणाला करून दिली नसेल. एका वाक्यात माझे वर्ष वाचत होते. आबांना देवीचा शब्द मोडावा लागणार नव्हता, आणि गुरव तर स्वतःवरच दोष घ्यायला तयार होता. मी आबांकडे पाहिले. खरे कळल्यावर त्या चेहऱ्याचे काय होईल, ते मला बघवणार नव्हते.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या ध्यानात काही नाही आलं."

"मग चांगलंच हाय की," गुरव म्हणाला आणि पुन्हा वात वळू लागला.

कागद सहीविना परत नेला. प्राध्यापकांना मी सांगितले की मुख्यच ठेवायचे ठरले आहे. त्यांनी खांदे उडवले. एप्रिलच्या परीक्षेत मी रसायनशास्त्रात नापास झालो, आणि वर्ष गेले. माझा मित्र वर्गात तिसरा आला. आपला निकाल पाहून तो हसला नाही. माझी वही मागून घेतली आणि माझे कुठे चुकते ते पेन्सिलीने खुणा करून परत दिली.

आबांनी मला एक शब्दही सुनावला नाही. ते सरळ देवळात गेले. मी त्यांच्या मागे होतो. चार माणसे पारावर बसलेली होती, त्यांच्या देखत ते गुरवाला म्हणाले, "तुमच्या कौलानं माज्या पोराचं वरीस खाल्लं. आईचं नाव सांगून लोकांना फशी पाडू नगा."

"आबा, चला घरी," एवढेच मी म्हणालो. तेही हळू.

गुरवाने हात जोडले. "आसंल, माजंच कायतरी आसंल," तो म्हणाला.

त्यानंतर लोक त्याच्याकडे कौलाला येईनासे झाले. कोणी आलेच तर तो स्वतःच नाही म्हणे. पूजा करी, वाती वळी, शिळा धुई, पण तिच्यावर पाकळी लावीत नसे. पुढच्या वर्षी मी दुय्यम वर्ग घेतला, पास झालो, आणि पुढे शाळेत विज्ञान शिकवून संसार केला. माझा मित्र मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेला. सुट्टीत गावी आलो की लांबूनच गुरव दिसे. त्याचे केस आता पांढरे, कोरडे आणि वाऱ्यावर विस्कटलेले असत. वय झाले, हौस गेली, असे मी मनाशी म्हणत असे आणि वाट बदलत असे.

गेल्या वर्षी मी काही दिवस गावी राहायला गेलो होतो. आबांना ऐंशी उलटली आहेत आणि त्यांचे हात आता वर जात नाहीत, म्हणून आंघोळीआधी त्यांच्या डोक्याला तेल मी लावतो. एका सकाळी ते म्हणाले, "आरं किती घालशील? कानावरनं गळतंय की."

माझे हात थांबले. मी त्यांच्या पाठीमागे होतो. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच कदाचित मला बोलता आले. बाटलीपासून सुरुवात केली आणि गुरवाच्या ओसरीपर्यंत सगळे सांगितले.

मला वाटले, ते रागावतील किंवा रडतील.

"मग डावी पडली आसती का?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही आबा. कदाचित उजवीच पडली असती."

"म्हंजी..." ते अडखळले. "म्हंजी आपुन देवीला इचारलंच न्हाई."

"नाही."

"आन म्या त्या मानसाला चार लोकांत बोललो."

काही वेळाने ते म्हणाले, "मला देवळापत्तोर चालवत न्हाई. तू जा. त्याच्या पोराला माजं बी सांग."

गुरव जाऊन बारा-तेरा वर्षे झाली होती. आता पूजा त्याचा मुलगा करतो. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. गेलो तेव्हा तो शिळा धूत होता. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि कसे सुरू करावे हे न सुचल्याने विचारले, "कौल पुन्हा कधी लावला नाही का रे?"

"न्हाई. बानं सोडला त्यो सोडलाच. मला बी शिकवला न्हाई." त्याने तांब्या खाली ठेवला. "तुमच्या त्या कौलापायीच. दुसऱ्या दिवशी शिळा धुताना बाला उजव्या अंगाला पानी धरंना, तवा त्याल लागल्यालं दिसलं. पन कौल तर लई चांगला झालता, म्हनून त्यो गप ऱ्हायला. तुमी नापास झाल्यावर म्हनला, माज्याच डोक्याचं त्याल आसनार, हात कितीबी धुतलं तरी. तवापस्नं मरंस्तवर डोक्याला त्याल लावलं न्हाई त्यानं. आई लई बोलायची. ऐकलं न्हाई."

मी अजून उंबऱ्याबाहेरच होतो. तो म्हणाला, "बसा की गुरुजी, हुबं का?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले. आबांचेही सांगितले. बोलताना मी त्याच्याकडे पाहिले, कारण या वेळी तरी कोणाच्या पाठीमागून बोलायचे नव्हते.

"हे बाला सांगाया पायजे हुतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मला सांगून काय उपेग?" त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता. त्याने तांब्या उचलला आणि शिळेच्या राहिलेल्या डाव्या बाजूवर पाणी ओतू लागला.

घरी आलो तेव्हा आबा दारातच बसून होते.

"काय म्हनला?"

"बाबाला सांगायला पाहिजे होतं, म्हणाला."

आबांनी मान हलवली. "खरं हाय त्याचं," ते म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरला आणि उठायला आधार मागितला, आणि मी त्यांना आत नेले.